मंगळवारी बुल्टी

दर मंगळवारी ड्यूटीवरून येताना
अबू हलिफाच्या बाजारात मी अर्धा किलो बुल्टी घेते.
मासळीवाला मिसरी. त्याला वाटतं,
बाईला गोड्या पाण्याचा मासा फार आवडतो.
वेंगुर्ल्यात कुणाला कळलं, तांडेलांची पोर बुल्टी नेते,
तर वर्षभर पुरेल एवढं बोलतील.

बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत दोघी आहेत.
पाठीवर पिवळी रेघ, जाडीला माझ्या करंगळीएवढ्या.
नाडी आणि फीत.
नावं निषादनं ठेवली, अकरावीत असताना,
शुक्रवारच्या बाजारातून आणल्या त्या दिवशी.
आता तो विनिपेगला
आणि पेटी माझ्याकडे.

फ्रिजवर त्याच्या अक्षरातला कागद:
काटे काढ. पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या.
कोमट पाण्यात ठेव, गार मासा त्या टाकतात.
तारली नको. बांगडा तर नकोच.
बांगड्याला नको म्हणणारं जनावर, माझ्या घरात!
मग खालची ओळ वाचली:
थायमिन मोडतं, आई, झटके येतात.

थायमिन मला माहीत आहे.
वॉर्डात कितीदा भरलंय सिरिंजमध्ये,
चोरून गाळलेली पिऊन आलेल्या माणसांसाठी,
ज्यांना आपलं गाव कुठलं
तेवढंही आठवत नव्हतं.

दोघींना वेगळं करून भरवायचं.
एकदा विसरले.
एका पट्टीची दोन टोकं दोघींनी धरली
आणि गिळत गिळत तोंडाशी तोंड आलं.
नाडीच्या जबड्यात फीतचं डोकं कानापर्यंत गेलेलं,
म्हणजे कान असते तर.
नळाखाली धरून सोडवलं.
हाताला लागलेला वास दोन दिवस गेला नाही.
घाबरल्या की त्या असंच करतात.
माणसंही करतात. चादर बदलायची, बोलायचं नाही.

आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत,
लांबडं म्हणतात.
निषादचा फोन रात्रीच येतो, तिकडे दुपार असते.
सापांनी खाल्लं? तो उजेडातून विचारतो.
लांबड्यांनी खाल्लं, मी अंधारातून सांगते.
मी जेवले का, ते नंतर.
कधी कधी राहूनही जातं.

गेल्या वर्षी नागपंचमी मंगळवारीच आली.
पंचमीला चिरायचं नाही, विळीला हात नाही,
म्हणून पट्ट्या सोमवारीच कापून ठेवल्या होत्या.
दुपारी दोनला एसी गेला.
बाहेर पन्नास.
हारीस शाबान म्हणाला, बुकरा.
पेटीतला काटा तीस, बत्तीस.
थंड देशाच्या त्या, पस्तीसला मान टाकतात.
उशीच्या अभ्र्यात दोघींना बांधलं,
डबा घेतला, गाडीचा एसी चारवर
आणि निघाले.
फहाहीलपासून सालमियापर्यंत,
परत, पुन्हा.
मांडीवर अभ्रा. आत कुणीतरी कूस बदलत होतं.

सिग्नलपाशी पोलिसानं काच खाली करायला लावली.
पिशवीत काय?
अंधार पडला होता.
हबल, मी म्हटलं. दोरी.
दोरी हलली.
त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या गणवेशाकडे,
आणि हातानंच म्हणाला, जा.

समुद्राशी गाडी लावली, इंजिन चालूच.
आधी नाडी, मग फीत, एकेकीला भरवलं.
पंचमीला दूध दाखवतात. त्यांना दूध कळत नाही.
पातोळ्या करायच्या तर इथं हळदीचं पान नाही.
मी खुबुस खाल्ला, कोरडाच,
पेट्रोलचा काटा बघत.

निषाद सांगतो, तिकडे वसंतात
त्या जमिनीतून हजारांनी वर येतात,
उन्हात एकमेकींवर लोळतात,
कुणी भरवत नाही.
हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

काल मासळीवाल्यानं विचारलंच,
कशी करता तुम्ही?
कच्चीच, मी म्हटलं.
त्यानं तराजूत एक जास्तीची टाकली
आणि पैसे घेतले नाहीत.