आहे-नाही

विजयकरांनी झाकण उघडलं तसा आधी वास आला,
तापून थंड झालेल्या धुळीचा, थोडा वार्निशचा.
"बाई, सतरा किलोंचा संसार हा," ते म्हणाले,
"त्यातले नऊ किलो नुसता ट्रान्सफॉर्मर."
लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतला पोटमाळा,
जिथे सरळ उभं राहायला फक्त सोल्डरच्या धुराला जमतं.
डावी बाजू मुकी झाली होती. उजवी घूंऽऽ करत होती.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यांनी ओळख करून दिली:
हे दोघे भाऊ.
एक लाटेची वरची बाजू उचलतो, एक खालची,
आणि या हातातून त्या हातात देताना
स्वर ठेचकाळू नये
म्हणून दोघंही थोडे थोडे जागेच असतात,
गाणं चालू नसलं तरी.
"तीच तुमची ऊब. तेच तुमचं वीजबिल."

मग शर्टाच्या खिशातून
(खिशातून! मी माझा टॅक्सीनं आणला होता)
त्यांनी काडेपेटीएवढी एक हिरवी पाटी काढली.
"हिला मधलं काही कळत नाही.
फक्त आहे आणि नाही.
सेकंदाला चार लाख वेळा, आहे-नाही, आहे-नाही.
आहे जरा जास्त टिकलं की लाट चढते,
नाही रेंगाळलं की उतरते.
शेवटी तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर
सगळे तुकडे घोटून एकजीव करतात,
पुरण वाटावं तसे."
"म्हणजे डिजिटल," मी म्हटलं.
विजयकर दुखावले.
"सगळे तसंच म्हणतात. पण तुकडा किती रुंद करायचा
हे तिचं तीच ठरवते. तिथं आकडे नाहीत."

कांजूरमार्ग, बाविसावा मजला.
दुरुस्त झालेला जुना आणि डबीत बसवलेली नवी,
दोघांवर निरंजननं माझीच ओढणी टाकली.
"आता सांग, अ का ब?"
आवाज दोन्हींचा सारखा केलेला, मीटर लावून,
कारण मोठा असतो तो नेहमीच गोड वाटतो म्हणे.
पहाटेचा ललत, कुठल्याशा सभागृहातला,
मध्यात कोणीतरी खोकतं तो.
मी डोळे मिटून म्हणत गेले: यात गाभा आहे,
याला काठ आहेत, हा, हा नक्की जुना.
दहापैकी सहा.
नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढेच.
निरंजन काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

बटाटीला मात्र दहापैकी दहा.
ती ओढणीवरून चालत आली,
एका टेकाडावर पंजा ठेवला, काढून घेतला,
दुसऱ्यावर जाऊन गोल झाली
आणि ललत संपेपर्यंत हलली नाही.
तिला काठ-गाभा यातलं काही नको होतं.
वाया जाणारी वीज तिच्या पोटाखाली होती.

मला फरक कळला तो रात्री, बंद करताना.
नवीचं बटण दाबलं: नाही.
इतकं चोख नाही की खोलीचा पंखा दचकल्यासारखा वाटला.
जुन्याचं दाबलं, दिवा विझला,
तरी बाई गातच राहिल्या,
तीन सेकंद, चार,
पोटात साठलेल्या विजेवर,
आधी बारीक, मग फाटका,
मग कोणी जिन्यावरून बोलत उतरावं तसा आवाज.
मी चारदा बंद केला. चारदा ऐकलं.
ही काही गुणवत्ता नव्हे, निरंजन म्हणाला,
आणि ते खरंच आहे.

आता जुना पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर.
घरात नवी वाजते, छान वाजते, मी खोटं कशाला बोलू.
बटाटी आठवडाभर थंड झाकणावर बसून पाहत होती.
मग वायफायच्या डबीवर राहायला गेली.

काल विजयकरांचा फोन आला.
भांडुपचं एक गिऱ्हाईक आहे, ट्रान्सफॉर्मरसाठी तरी घेईल,
"आहे ना अजून तुमच्याकडे?"
मी पॅसेजकडे पाहत
बराच वेळ
फोन नुसता कानाला धरून उभी.