शेत निवडताना

लडलोच्या पश्चिमेला, दोन हजार फुटांवर
इंजिन आधी खोकलं,
मग दचकल्यासारखं थरथरलं, आणि बंद.
समोर पंखा आडवा थांबलेला,
कुणी दाराला अडसर घालावा तसा.

वाऱ्याला इतका आवाज असतो
हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेजारी ऑड्री पेनफोल्ड, वय एक्क्याऐंशी,
स्वतःच्या घराचं छप्पर वरून बघायला आलेली.
म्हणाली, बरं केलंस बंद केलंस,
कान किटले होते.

नाक खाली. पासष्ट नॉट.
टाकी बदलली, गरम हवेचा खटका ओढला,
किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली.
रेडिओवर मेडे म्हणाले तीनदा,
दुसऱ्याच कुणाचा निरोप द्यावा अशा आवाजात.

आता शेत निवड.

नांगरलेलं नको, चाक रुतेल.
पिवळंधमक नको, पीक कमरेएवढं, विमान उलटेल.
हिरवं सुरेख होतं, पण कडेनं खांब.
तारा दिसत नाहीत कधी,
त्या खांबांवरून ओळखायच्या.

दादा मोजणीखात्यात होते, नेवाशाला.
साखळीचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणायचे,
लांबून सगळीच जमीन सपाट दिसते गं,
पाणी कुठं थांबतं ते बघ.

खाली, एका कोपऱ्यात चकाकलं पाणी.
म्हणजे उतार तिकडे.
म्हणजे मी इकडून, चढाला तोंड करून.
उतार बघायचा आणि चढावर उतरायचं,
इतकं त्या तीन मिनिटांत मराठीतच सुचलं.

मेंढ्या होत्या. म्हणजे गवत आखूड, जमीन टणक.
मेंढ्या पळतील. पळायला हव्यात.

ऑड्री, तुमचा बूट द्या.
तिनं का विचारलं नाही, काढून दिला.
दाराच्या फटीत तो ठोकून बसवला,
आपटल्यावर दार अडकू नये म्हणून.

कुंपण पोटाखालून गेलं.
नाक वर ओढायचा मोह होतो,
तो होऊ द्यायचा, ओढायचं नाही.
मग धक्का, आणखी एक, मग नुसता खडखडाट,
आणि एकदम गवताचा वास.

एल्विन प्रोबर्ट चारचाकीवरून आला.
आधी त्यानं मेंढ्या मोजल्या.
दोनदा मोजल्या.
मग आमच्याकडे बघितलं
आणि ऑड्रीच्या एका मोज्याकडे.

ती म्हणाली, माझं छप्पर राहिलंच.

मी पावलं टाकत निघाले,
चाकाच्या पहिल्या खुणेपासून विमानापर्यंत
दोनशे बारा.
विमानाच्या नाकापासून पुढच्या कुंपणापर्यंत
नऊ.
मागे वळून पुन्हा मोजली,
साखळीचं दुसरं टोक कुणी धरल्यासारखी.