तापली की

गार असली की पहिल्या झटक्यात उठते.
बारा किलोमीटर नीट, मग रिकोतीच्या घाटात
लामाराबाईंची व्होल्गा मान टाकते.

वाझानं पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकलं:
नळीत वाफ अडकत असेल.
फडकं वाळलं. गाडी ढिम्म.

"नवऱ्यानं दोन कार्ब्युरेटर बदलले," बाई म्हणाल्या,
"आणि मेकॅनिक चार."

मग त्यानं कॉइलवर तळवा ठेवला
आणि शिवी हासडत मागे घेतला.
ठिणगी पाहिली: निळी नाही, पिवळट, आजारी.
आत कुठेतरी केसाएवढी तार
तापली की सुटते,
निवली की पुन्हा चिकटते, साळसूद.
म्हणून गॅरेजात कधी सापडलीच नाही.

नवी बसवली. चढ संपला.
मडकीवाल्यांपाशी उतरताना
बाईंनी मुद्दाम इंजिन चालूच ठेवलं.
जुनी कॉइल पर्समध्ये,
अजून कोमट.