टोमॅटोला पाणी

चावी देताना निहार म्हणाला,
मामा, चार दिवस चिपळूणला जातोय,
कपाटात टोमॅटो आहेत, तेवढं पाणी बघा.
मी म्हटलं, बरं.
कपाटात टोमॅटो का, हे विचारणं
वॉचमनच्या पगारात बसत नाही.

लिफ्टमध्ये वास तर दोन महिने येतोय.
सेक्रेटरी बेहेरेबाई म्हणतात, उंदीर मेलाय.
दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, ड्रेनेज.
मी गप्प.
एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये
पानं दाबली, टीपकागद बदलले,
जाड कागदावर दोऱ्यानं देठ शिवले.
मी निवृत्त झालो, नाक नाही झालं.

तीनशे चार.
एक गादी, एक लॅपटॉप,
पडद्याच्या कडांना सेलोटेप,
सिंकमध्ये मॅगीचं पातेलं.
कपाटाच्या फटीतून जांभळा उजेड,
मांडवाच्या मागच्या बाजूला असतो तसला.

आत तीन कुंड्या.
पाच बोटं, सात बोटं, कातरलेल्या कडा.
बाजूला छोटा पंखा, तोच वारा.
वर दिवा, तोच सूर्य,
घड्याळाला बांधलेला,
एकदाही ढगाआड न गेलेला.
आणि दाराच्या आतून, जिथं लोक देव चिकटवतात,
तिथं फोटो: शाळेचा गणवेश,
आई त्याचा भांग पाडतेय.
मला हसू आलं, आणि अर्ध्यात अडलं.

मॅडमच्या तिरक्या अक्षरातला तो कागद आठवला.
भांग. कुळ कॅनाबिनेसी.
गोळा केली: मुठा उजवा कालवा, हिंगण्याजवळ,
ऑक्टोबर १९८४.
म्हणजे इथंच की,
आपल्या पार्किंगच्या मागं,
जिथं आता जाळी मारलीय.
तेव्हा तिला कुणी लावलं नव्हतं,
कुणी लपवलं नव्हतं,
म्हशी तिला वळसा घालून चरायच्या.
तिच्यापायी कुणाची नोकरी जाणार नव्हती.

कायदा मला कळतो.
बीटचा हवालदार रोज माझ्याच खुर्चीत बसून चहा पितो.
तरी पाणी घातलं.
तहान कुठल्या कलमात येते, ठाऊक नाही.

गुरुवारी लाईट गेली.
भर दुपारी कपाटात अमावस्या.
पंखा थांबलेला, वास आणखी दाट.
मी सेलोटेप सोडली,
एक कुंडी ओढत खिडकीशी आणली.
कालव्यावरून वारा आला
आणि पानं दचकली,
परगावी उतरलेल्या माणसासारखी
इकडं तिकडं बघत राहिली.
दोन तास आम्ही दोघं तसेच.
खाली कुणीतरी हॉर्न मारत होतं गेटसाठी.
मारू दे.

सोमवारी निहार आला.
तेल लावलेला, सरळ भांग.
आमसुलांची पुडी माझ्या हातात दिली.
टोमॅटो?
ठीक आहेत, म्हटलं. एकाला ऊन दाखवलं.
तो पुडीकडं बघत राहिला.
मग चावी घेतली, आणि लिफ्ट सोडून जिन्यानं गेला.

आठवड्यात वास बंद झाला.
बेहेरेबाई म्हणाल्या, वाळला असेल उंदीर.
ओल्या कचऱ्याच्या डब्याशी तीन कुंड्या पालथ्या.
माती मी सदाफुलीला घातली.

व्हिजिटर रजिस्टरच्या शेवटच्या पानात
एक पान दाबून ठेवलंय.
नाव लिहिलेलं नाही.
कुणाकडे: तीनशे चार.
आल्याची वेळ: गुरुवार, दुपारी सव्वादोन.
सहीच्या रकान्यात
थोडा हिरवा डाग पडलाय.