सहा चौकटी

सिनेमात त्याला बायको दिली आहे.
बायकोला दमा, दम्याला रुग्णवाहिका,
रुग्णवाहिकेला बर्फात अडलेला पूल,
आणि पुलाला, अर्थातच, व्हायोलिनं.
बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

माझ्या बाबांनी त्याला काहीच दिलं नव्हतं.
अंक सातवा, पान अकरा, सहा चौकटी.
बारा व्हायच्या होत्या,
पण खालचं अर्धं पान ऐन वेळी
खाजेच्या पुडीच्या जाहिरातीला गेलं.
पहिलीत टोलनाक्याची काचेची खोली.
दुसरीत हात, नाणं घेणारा.
तिसरीत तोच हात. चौथीतही तोच
(सरळ गिरवलेला, बाबा घाईत होते).
पाचवीत गाड्यांची रांग, नदी, गिरणीचा धूर.
सहावीत तो दांडा वर करत नाही.

बस्स. तिथून पुढे तो टोलमॅन.
पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यातला
एकेक तास कापून बरणीत भरणारा,
जांभळ्या कोटातला.
कोट काळा हवा होता,
छापखान्यातल्या काळ्या शाईला दम नव्हता.

मुलं पत्रं लिहायची, टोलिडोहून, एरीहून:
त्याने दांडा का उचलला नाही?
बाबा पोस्टकार्ड धाडायचे:
प्रिय मित्रा, तुला काय वाटतं?
आपला, एमिल स्टेफ्को.
घरीसुद्धा त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

पण तो हात मी ओळखत होते.
अंगठ्याचं नख उभं चिरलेलं.
यूराय काकाचा हात.
स्ट्यूबेनव्हिलच्या पुलावर एकोणीस वर्षं नाणी मोजली त्याने.
रविवारी आमच्याकडे कोबीचं सूप प्यायचा,
माझ्या कानामागून पाच सेंट काढून दाखवायचा.
मग ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी,
ऊन स्वच्छ, पगार झालेला, भांडण कुणाशी नाही,
त्याने खोलीला आतून कडी घातली
आणि चाळीस मिनिटं दांडा खाली ठेवला.
हॉर्न, शिव्या, पोलीस.
कुणी मेलं नाही.
एका ट्रकातलं आईस्क्रीम वितळलं.
विचारलं तर म्हणाला, "दमलो नव्हतो."
एवढंच. मग ॲक्रनला गेला,
सूप प्यायला पुन्हा आला नाही.

सख्ख्या भावाला खलनायक केलं म्हणून
आईने बाबांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.
मलाही वाटायचं, सूड असेल.
आता त्यांच्या वयाच्या नऊ वर्षं पुढे आल्यावर वाटतं,
ते दर महिन्याला त्या खोलीपाशी जाऊन
काचेवर टकटक करत होते.

सिनेमावाल्यांनी पहिल्याच फेरीत दार तोडलं.
आत बायको सापडली.

मी रडले, हेही सांगायला हवं.
ती बर्फात निळी पडत गेली तेव्हा
शेजारच्या अनोळखी बाईने रुमाल पुढे केला.
जी कधी नव्हतीच त्या काकूसाठी रडले मी,
आणि कारण हाती लागल्यावर
किती हलकं वाटतं, मेलं!
बाबांचं नाव अगदी शेवटी आलं,
जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली,
त्यात एक फ जास्तीचा.

"म्हणजे तो मुळात चांगलाच होता ना?"
एलीने विचारलं. नातू माझा, अकरा वर्षांचा,
बोटांना लोण्याचा वास.
मी म्हटलं, कोट बघ, चुकून भाड्याने घेतल्यासारखा बसलाय अंगावर.

घरी येताना पूल लागला.
आता खोली नाही, दांडा नाही,
खांबावरचा कॅमेरा नंबर टिपतो,
बिल टपालाने येतं.
जिथे खोली होती तिथे
डांबराचा एक चौकोन जरा जास्त काळा आहे.

मागून हॉर्न वाजला. मग दुसरा.
आजी, गाडी का थांबवलीस?

हवा स्वच्छ होती. टाकी भरलेली.