तिसरं माहितीपत्रक

बर्फात रुतलेल्या नॉर्थ डकोटात
आर्डिथच्या ओट्यावर तीन माहितीपत्रकं,
एकावर सुपाचा डाग.

पहिल्या कॉलेजात ग्रीक शिकवतात.
दुसरं स्वस्त, पण नव्वद मैल,
आणि स्कूलबसची चावी तिच्याच खिशात.

पाळक येतात तिसऱ्या रविवारी.
मरण काही वार बघून येत नाही.
नोव्हेंबरात ऑर्विल म्हणाला होता, "काहीतरी म्हण गं,"
आणि तिनं नुसती उशी सारखी केली.

तिसऱ्या कॉलेजला फोन लावला.
"का शिकायचंय तुम्हाला?"
तिला बोलता येईना.
भिंतीवरचं घड्याळ, हीटरची घरघर.
पलीकडच्या बाईनं
फोन ठेवला नाही.

अर्जावर आर्डिथनं आधी तारीख लिहिली.
मग खोडली.
वर्ष जुनंच पडलं होतं.