शेऱ्याचा रकाना

कवठेपिरानच्या खालच्या पट्टीत
पद्मण्णा चौगुल्यांचं रान पांढरं पडलंय.
बोट लावून चाखून बघा, म्हणाले. चाखलं. खारट.
तीस वर्षं ऊस, तीस वर्षं पाट भरून पाणी.
बांध मात्र करंजाखाली काळा, भुसभुशीत;
भावकीचा वाद होता, म्हणून
त्याला कुणी नांगर लावला नाही.

दोन्हीकडची माती काढली वीतभर खोल,
कापडी पिशव्यांना चिठ्ठ्या बांधल्या,
आणि राजमती आक्कांच्या मागच्या खोलीत
बाटल्या कापून केलेली नरसाळी मांडली.
वर चाळीसचा दिवा, मधे माती, खाली स्पिरिट.
ज्याला उजेड सोसत नाही
ते खाली खाली सरकतं
आणि टपकतं.

आक्का पद्मण्णांची थोरली बहीण.
त्यांच्या चुलीवर बटाटा कधी शिजला नाही.
जेवण दिवस मावळायच्या आत,
दिव्यावर झेपावलेलं काही ताटात पडू नये म्हणून.
"वर दिवा, खाली दारू," त्या म्हणाल्या,
"आन् मधनं वाट न्हाई व्हय?"
रोज सकाळी विचारायच्या, "किती गावली?"
मी आकडा सांगायची.
पुढचं त्या विचारायच्या नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली कोळीकिडे,
शेपटीच्या चिमट्यावर उडणारे,
आणि वेगळ्या, ओल्या नरसाळ्यातले सूत्रकृमी,
दोऱ्याच्या तुकड्यांसारखे.
कुणाच्या तोंडात सुई, कुणाच्या दात;
तोंडावरून कळतं कोण काय खातं.
खातो : एक. खात नाही : शून्य.
चौकोन भरला की संगणक जाळं काढतो.

पांढऱ्या रानात एकोणीस ठिपके, एकतीस रेघा.
बांधावर चौसष्ट. रेघा चारशे बारा.

आक्कांनी चष्मा पुसला.
"ही रेघ म्हंजे?"
"हा त्याला खातो."
"आन् ह्यो नसला तर?"
"तो माजतो. मग त्याच्या खालचं संपतं,
वरचं उपाशी मरतं."
"म्हंजे सोयरीकच की."

पंचाईत झाली ती गुणोत्तराची.
रेघा भागिले ठिपक्यांचा वर्ग :
रानात नऊ शतांश, बांधावर दहा.
जवळपास सारखंच!
जिभेवरचं मीठ या भागाकारात कुठे गेलं?

मग एकेक ठिपका खोडून बघितला.
जिवाणू खाणारा एक सूत्रकृमी
बांधावरून उचलला, दोन ठिपके विझले.
रानातून उचलला,
अकरा.

मोसमातला शेवटचा नमुना, पुन्हा बांधाचाच.
रात्री दोनला जाग आली. मागची खोली काळोखी.
दिव्यांना हात लावला, केव्हाचे गार.
"लाईट गेली असंल," आक्का
कूस न बदलता म्हणाल्या.
खिडकीतून दिसत होतं,
मुजावरांच्या सोप्यात पंखा फिरत होता.

मी काही बोलले नाही. बटणही शोधलं नाही.
तिथंच बसून राहिले,
मातीत कुणाच्या तरी पायांना
गारवा लागला असेल,
ते अर्ध्या वाटेतून वर वळले असतील,
असं काहीबाही मनात येत राहिलं.

उजाडताना ती माती करंजाखाली नेऊन ओतली.
तक्त्यात जात आहे, संख्या आहे, तोंडाचा प्रकार आहे;
परत फिरलेल्यांना रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं :
भारनियमन.